रविवारचा कोरा फळा

टूरिस्ट कोचच्या ड्रायव्हरला दिवसातून सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कुठला असेल? ‘हा किल्ला कुणी बांधला?’ छे हो. ‘टॉयलेट कुठे आहे?’ स्कॉटलंडमधल्या एडिंबरातून निघणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तेरा वर्षं डे-ट्रिपा केल्या. सकाळी नऊला निघायचं, किल्ला दाखवायचा, समुद्र दाखवायचा, व्हिस्की दाखवायची आणि सहाच्या आत एकेचाळीस माणसं जिथून उचलली तिथे परत सोडायची. राजे, राण्या, लढाया मला तोंडपाठ होत्या. पण माझं खरं वेळापत्रक दर दीड तासाला लागणाऱ्या त्या खोलीवर बेतलेलं असे. कुठल्याही प्रवासवर्णनात हे मी अजून वाचलेलं नाही, म्हणून इथे सांगून टाकतो.

मी अलिबागकडचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं. मुंबईत बस चालवली, मग लंडनला येऊन हाउन्सलोच्या रस्त्यांवर दोन वर्षं डबलडेकर हाकली आणि त्या ट्रॅफिकला वैतागून एडिंबराच्या एका जाहिरातीला अर्ज टाकला. मालक मिस्टर रीड यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं की शनिवारी मी गाडी चालवणार नाही. ते म्हणाले, “टूर कंपनीत शनिवारची सुट्टी मागणारा तू पहिलाच.” मी म्हटलं, “आणि रविवारी खुशीने गाडी काढणारा दुसरा कुणी आहे का तुमच्याकडे?” नव्हता. नोकरी मिळाली.

त्या काळी छोट्या कंपनीत वेगळा गाइड नसे. चाक आणि मायक्रोफोन दोन्ही ड्रायव्हरच्याच ताब्यात. डोंगरातले रस्ते एका गाडीपुरते अरुंद. समोरून कुणी आलं तर एकाने बाजूच्या कोनाड्यात शिरायचं आणि दुसऱ्याने जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बस, एवढंच. हात हलवलात की तुम्ही परके. ते एक बोट जमायला मला वर्ष लागलं, आणि ज्या दिवशी एका मेंढपाळाने आधी आपलं बोट उचललं त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला मोठ्या ऐटीत ते सांगितलं. ती म्हणाली, “वा! आता राणीकडून बोलावणं यायचं तेवढं राहिलं.”

गिऱ्हाइकं एकेक नमुने. लीड्सच्या एक निवृत्त शिक्षिका सात वर्षं दर जूनला यायच्या, प्रत्येक किल्ल्याच्या दारातल्या बाकावर बसून विणकाम करायच्या आणि आत एकदाही गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, “किल्ला बाहेरून बघायचा असतो. आतून तो ओला असतो.” आणि त्या दोघी बहिणी! दारूला स्पर्श न करणाऱ्या. डिस्टिलरीत त्यांनी प्याला नाकारला, पण ‘नुसता वास घेतो’ म्हणून सातू आंबत असलेल्या भल्या थोरल्या पिंपात डोकी घातली. त्या वाफेने भलेभले गरगरतात. परतीचे साठ मैल दोघी भजनं म्हणत आल्या, तीही वेगवेगळी आणि एकाच वेळी. डिस्टिलरीवाले ड्रायव्हरला प्यायला देत नसत, छोटी बाटली बांधून देत, घरी गेल्यावर उघडण्यासाठी. काय माणसं ती! स्पे नदीच्या खोऱ्यातल्या त्या मॅनेजरांना आपल्या पाण्याबद्दल, पिंपांबद्दल, तांब्याच्या भांड्याच्या एका पोच्याबद्दल किती अभिमान. भांडं बदललं तरी नव्याला तसाच पोचा पाडून घेतील, चव बदलायला नको म्हणून. कामावर असं प्रेम मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पण मला सांगायचंय ते व्हिस्कीचं नाही, पाण्याचं.

एडिंबराच्या उत्तरेला, फाइफच्या किनाऱ्यावर एक बेट आहे. नाव नाही सांगत. बेटावर पडका किल्ला, आणि ओहोटी असली की अर्धा मैल वाळूतून चालत जाता येतं. माझ्या अलिबागच्या किल्ल्यासारखंच अगदी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायक्रोफोन बंद करून मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

किनाऱ्यावरच्या छोट्या बंदरात भिंतीला एक काळा फळा होता. त्यावर सँडी नावाचा साठीतला कोळी रोज सकाळी खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहायचा. तीस वर्षं लिहीत होता. सुंदर, सरळ अक्षर. सोमवार ते शनिवार. रविवारी फळा कोरा. सँडी आणि त्याच्या चॅपलमधली, म्हणजे छोट्या चर्चमधली, माणसं रविवारी काहीही काम करत नसत. बोटी नाहीत, जाळी नाहीत, चूलसुद्धा नाही, शनिवारचं थंड जेवण जेवायची. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. मी कसा हसणार? माझी आजी शनिवारी दिवा पेटवायची नाही. सँडीला हे सांगितलं तेव्हापासून तो मला मान द्यायला लागला. “ह्या सगळ्या ड्रायव्हरांत देवाचा दिवस पाळणारा तू एकटाच,” तो म्हणायचा, “दिवस चुकीचा धरलायस, पण धरलायस तरी.”

रविवारी फळा कोरा असला तरी माझं अडत नव्हतं, कारण माझ्याकडे अलिबागचं गणित होतं. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. चंद्र तोच, पण किनारा वेगळा, म्हणून फाइफला त्यात चार तास मिळवायचे; हे चार मी सँडीच्या फळ्याशी ताडून ताडून स्वतः शोधले होते. पाच उन्हाळे गणित चुकलं नाही. छापलेली कोष्टकं घ्यायला मिस्टर रीड सांगायचे. मी हसून सोडून द्यायचो. माज होता, दुसरं काय!

सत्तरच्या दशकातलं एक वर्ष. एडिंबराजवळच्या हॉस्पिटलांतल्या मराठी डॉक्टरांनी दिवाळीची सहल ठरवली आणि आमचीच गाडी घेतली. ऑक्टोबरअखेरचा रविवार. आमचा सीझन सप्टेंबरात संपायचा, त्यामुळे इतक्या उशिरा बेटावर मी कधीच गेलो नव्हतो. पस्तीस माणसं, फराळाचे डबे, गाडीत चिवड्याचा घमघमाट. पुढच्या सीटवर डॉक्टर प्रधानांच्या आई, माई. रेवदंड्याच्या. चार महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. पाचवारी साडी, वर मुलाचा ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे आणि सँडल. माझं गाव कळल्यावर त्यांनी मायक्रोफोनवरचा इतिहास बंदच पाडला.

“राहू दे रे तुझ्या राण्या. तू सांग, चौलच्या बाजूला जायचास की नाही कधी?”

साडेअकराला बंदरावर पोचलो. लांबवर ओली वाळू चमकत होती. फळा कोरा. डॉक्टर प्रधानांनी विचारलं, “पाण्याचं काय हो, एलिजाभाऊ? धोका नाही ना?”

“अहो, अलिबागचा माणूस आहे मी. आज द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दिडात चार मिळवले, साडेपाच. साडेपाचला भरती, म्हणजे पूर्ण ओहोटी साडेअकराला. आत्ता! दीडपर्यंत रस्ता कोरडा. आपण एकला निघू.”

सगळे माईंकडे बघायला लागले. माईंनी बोटांवर मोजलं आणि मान डोलावली. “बरोबर सांगतोय. पाऊणपटच.”

किल्ल्याच्या पडक्या भिंतीआड, वारा चुकवून, चकल्या आणि बेसनाचे लाडू झाले. कुणी गाणं म्हटलं. साडेबाराच्या सुमारास मी सहज उठून किनाऱ्याकडे बघितलं. किनाऱ्याच्या बाजूला जो खोलगट पट्टा होता, तिथे पाणी होतं. ओल नव्हे, पाणी. आणि ते सरकत होतं.

“उठा! सगळं टाका आणि चला!” मी ओरडलो.

लोक निघाले. तरुण मंडळी घोट्याएवढ्या पाण्यातून, मागची गुडघ्याएवढ्या पाण्यातून. डॉक्टरांच्या खांद्यावर त्यांची लहान मुलगी, आणि ते आईसाठी थांबले होते. मी म्हटलं, “तुम्ही पोरीला घेऊन पुढे व्हा. माईंना मी आणतो. अहो, जा म्हणतो ना!” माईंचे गुडघे आधीच कामातून गेलेले. अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा पुढच्या पट्ट्यात पाणी माझ्या मांड्यांपर्यंत चढलं होतं आणि ओढ अशी की मी एकटाही पार झालो नसतो. मागे वळून पाहिलं, तिकडूनही पाणी. मधे खडकाचा एक उंचवटा होता, त्यात रोवलेला लोखंडी खांब. त्यावर माईंना चढवलं. खांबावर शेवाळाची रेघ होती, भरती कुठपर्यंत येते ती दाखवणारी. ती माझ्या डोक्याच्या वीतभर वर होती.

ती रेघ माईंनीही पाहिली. किनाऱ्याची बाई, तिला काय सांगायचं? खांबाला पाठ टेकून त्या उभ्या राहिल्या. पाणी पायाला लागत होतं, बर्फासारखं.

“गणित तर बरोबर होतं रे,” त्या म्हणाल्या. “मग हे असं कसं?”

“कळत नाही, माई.”

त्यांनी ओव्हरकोट घट्ट आवळला. मग म्हणाल्या, “आज सकाळी तुम्ही सगळे घड्याळं कसली फिरवत होतात?”

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. आदल्या रात्रीच देशभर घड्याळं तासाने मागे घेतली होती. उन्हाळ्यात एक तास पुढे, हिवाळ्यात मागे. माझे ते चार तास उन्हाळ्याच्या घड्याळाचे होते! आजपासून ते तीन. भरती साडेचारला होती, रस्ता साडेबारालाच बंद होणार होता. पाच वर्षांचा माज एका तासात उतरला. मी माईंना सांगितलं. 

“मेल्या,” माई म्हणाल्या, “सरकारने घड्याळ मागे घेतलं. समुद्राला कुणी सांगितलं होतं?” आणि त्या हसल्या. तशा वेळी हसल्या! “मी पण शहाणी, मान डोलावली. दोघांचंही चुकलं. घे, खिशात एक लाडू उरलाय, खा.”

तिकडे किनाऱ्यावर डॉक्टर प्रधान मुलीला बायकोकडे देऊन ओल्या कपड्यांनिशी पळत सुटले. बंदरावर चिटपाखरू नव्हतं. रविवार. चॅपलमधून गाण्याचा आवाज येत होता, तिकडे ते घुसले. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं: गाणं थांबलं, त्यांनी धापा टाकत दोन वाक्यं सांगितली, आणि तिसऱ्या बाकावरचा एक म्हातारा कुणाकडेही न बघता उठून बाहेर चालू लागला.

पाणी माईंच्या कमरेपर्यंत आलं होतं. मी त्यांना खांबाशी दाबून धरलं होतं आणि शाळेपासून येत असलेली एकमेव प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होतो. माई त्यांच्या देवाचं नाव घेत होत्या. तेवढ्यात एक छोटी वल्ह्यांची बोट दिसली. वल्हवणारा काळ्या सुटात, डोक्यावर काळी हॅट. सँडी. तीस-चाळीस वर्षांत ज्याच्या हाताने रविवारी वल्हं धरलं नव्हतं तो सँडी.  माईंना पोत्यासारखं उचलून आत घेतलं, मला बाही धरून ओढलं आणि ओढीच्या पाण्यातून तिरकी बोट काढत धक्क्याला लावली. मी आयुष्यात पुष्कळ चांगले ड्रायव्हर पाहिलेत. तसं सारथ्य पुन्हा पाहिलं नाही.

त्याच्या बायकोने रविवारी चूल पेटवून आम्हाला चहा दिला. माईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मराठीत भरभरून आशीर्वाद दिले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता माझ्या लाजेचा भाग.

सोमवारी मिस्टर रीड यांनी लेखी रिपोर्ट मागितला. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. मी लिहिलं: ‘बंदरावरचा भरतीचा फळा कोरा होता. त्यामुळे वेळेचा अंदाज चुकला.’ पहिलं वाक्य खरं होतं. मिस्टर रीड यांनी बंदराच्या कमिटीला कडक पत्र पाठवलं आणि मला म्हणाले, “तुझा काय दोष?” मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि कामाला लागलो.

पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टर प्रधानांनी जेवायला बोलावलं. माई सर्दीतून उठून हिंडत होत्या. डॉक्टर म्हणाले, “मिस्टर रीड यांनी कळवलं. फळा कोरा ठेवायचा, काय हा बंदरवाल्यांचा निष्काळजीपणा! पण तो म्हातारा मात्र देवमाणूस.” फळा लिहिणारा आणि बोट काढणारा एकच माणूस, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माईंनाही नव्हतं. पण स्वयंपाकघरात मला आमटी वाढताना त्या हळूच म्हणाल्या, “फळ्याचं कसलं रे बोलतोय हा? तू खरं सांगितलं नाहीस?”

मी आमटीत भात कालवायला लागलो.

“मी म्हातारी बाई, मी चुकले हे सगळ्या घराला सांगून बसले. तुझी जीभ काय झिजते?”

त्याच आठवड्यात तिकडच्या लोकल बसच्या ड्रायव्हरकडून कळलं की सँडीने फळा सोडला. कमिटीला आलेलं मिस्टर रीड यांचं पत्र त्याने वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला आलाच नाही. फळा आता आठवडाभर कोरा. मला जेवण जाईना. ज्याने माझ्यासाठी आपला रविवार मोडला, त्याच्याच गळ्यात मी माझी चूक बांधली होती. आणि हे मी करावं? शनवारतेल्याच्या नातवाने? दुसऱ्या कुणाला एक वेळ कळलं नसतं त्या रविवारची किंमत काय ते.

शुक्रवारी मी मिस्टर रीड यांच्यापुढे दुसरा रिपोर्ट ठेवला. गणित, घड्याळ, माज, सगळं. ते दोनदा वाचून म्हणाले, “प्रकरण मिटलं होतं. कशाला उकरलंस?” मग ईस्टरपर्यंत चाक बंद, डेपोत गाड्या धुवायच्या. मी ‘बरं’ म्हटलं. धुतल्या. हात फुटले त्या हिवाळ्यात.

आणि दुसऱ्या दिवशी फाइफला गेलो. सोमवारपर्यंत थांबता आलं असतं, पण मला थांबवेना. सँडी स्वयंपाकघरात बसून होता. मला बघून त्याने पहिला प्रश्न केला, “आज शनिवार आहे. कसा आलास?”

“बसने.”

“मग काम मोठं असणार. बस.”

मी सांगितलं. अगदी सगळं. संपल्यावर पाटी आणि खडू पुढे सरकवून म्हणाला, “मांड ते गणित.” मी मांडलं. तिथी, पाऊणपट, अधिक चार. त्याने बराच वेळ ते न्याहाळलं. “चांगलं आहे,” तो म्हणाला, “तासाची चूक.” मग एकदम माझ्याकडे बघून विचारलं, “मी बोट काढली त्याचं मला काही नाही. देवाला कळतं. पण शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाच्या वेळा लिहून ठेवू शकलो असतो. तीस वर्षांत सुचलं नाही. मला खरं सांग. फळ्यावर लिहिलं असतं, तर तू वाचलं असतंस?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. तेच सभ्यपणाचं दिसलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “माझा माझ्या गणितावर इतका भरवसा होता की मी फळ्याकडे बघितलंच नसतं.”

आणि तो धिप्पाड म्हातारा टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. तीन आठवडे झोपला नव्हता, त्याची बायको मला म्हणाली. रोज पहाटे उठून बसायचा, म्हातारी बुडताना दिसायची. माझे डोळे कोरडे होते असं मी सांगणार नाही.

थोड्या वेळाने त्याने तोंड धुतलं, हॅट घातली आणि शेल्फवरचा खडूचा डबा काढला. तो न्यायला कुणीच आलं नव्हतं. “चल,” म्हणाला. बंदरावर चार वाजताच अंधारून आलं होतं. त्याने बाहीने फळा पुसला, वर ‘रविवार’ असं लिहिलं आणि खाली दोन ओळी त्या सरळ, सुंदर अक्षरात. मग बाजूला झाला.

“मोठ्याने वाच.”

“भरती, सकाळी आठ पन्नास. ओहोटी, दुपारी तीन.”

“पुन्हा,” सँडी म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.